शेवटून तिसऱ्या सिंफनीतला ठोका

त्या सिंफनीला सत्तर मिनिटं लागतात आणि तिच्यात झांज एकदाच वाजते. दुसऱ्या, संथ भागात, अगदी शेवटाकडे. त्याआधी अडतीस मिनिटं झांजवाल्याने खुर्चीत बसून राहायचं, मग उठायचं, दोन्ही हात वर न्यायचे, एक ठोका द्यायचा, आणि परत बसून उरलेला वेळ आपण त्या गावचेच नाही असा चेहरा ठेवायचा. एकवीस वर्षांच्या नोकरीत आमच्या झांजवाल्याला हा चेहरा सुरुवातीलाच इतका साधला होता की लग्न नोकरीनंतर झाल्यामुळे लग्नाच्या फोटोतही तोच आला आहे. बायको शेजारी हसते आहे आणि हा आपला संबंध नसल्यासारखा हार घालून उभा.

तर हा एक ठोका यंदा वाजणार नव्हता.

हे त्याला सूचनाफलकावर कळलं. हंगामातल्या बाराव्या आणि शेवटच्या कार्यक्रमाची यादी लागली होती. व्हायोलिनवाले, चेलोवाले, तुतारीवाले, नगाऱ्यांवरचे दोघे, सगळे होते. झांजवाल्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, मग चष्मा पुसून वाचली. शेवटच्या ओळीत नव्या संचालकाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'झांज: नाही.'

संचालक म्हणजे समोर उभा राहून छडी हलवणारा. तो स्वतः काही वाजवत नाही, आणि दुसऱ्या कोणी काय वाजवायचं नाही हेही तोच ठरवतो.

यात संचालकाने नवं काही केलं नव्हतं. मूळ दोष संगीतकाराचा. तो जाऊन शंभरावर वर्षं झाली. माणूस भिडस्त. नऊ सिंफन्या लिहिल्या, आणि कोणी नुसती भुवई उचलली तरी घरी जाऊन पानं बदलायचा. ह्या शेवटून तिसऱ्या सिंफनीत झांजेचा ठोका मूळ पानावर नाहीच. तो एका चिठोऱ्यावर आहे, आणि ते चिठोरं पानाला डिंकाने चिकटवलेलं आहे. चिठोऱ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, 'ग्राह्य नाही.' हे कोणी लिहिलं यावर विद्वानांत दोन तट आहेत. एक म्हणतो खुद्द संगीतकाराने, दुसरा म्हणतो नंतरच्या कोणीतरी आगाऊ माणसाने. दोन्ही तटांची पोटं त्या एका पेन्सिलीवर चालतात. झांजवाल्याचंही चालत होतं, फक्त त्याला कोणी विद्वान म्हणत नव्हतं.

तो व्यवस्थापकाकडे गेला. व्यवस्थापक पूर्वी एका गोदामात होता, आणि वाद्यवृंदाकडेही तो त्याच नजरेने बघायचा: काय आत आहे, काय पडून आहे. विश्वस्तांनी यंदा नियम केला होता की हंगामातल्या बाराही कार्यक्रमांत ज्याला वाजवायचं काम आहे त्याचंच पद राहील. त्रिकोण, डफ, घंटा वगैरे सगळं नगाऱ्यांवरच्या दोघांनी आधीच वाटून घेतलं होतं. झांजवाल्याकडे झांज होती, आणि तिचे अकरा कार्यक्रम झाले होते.

"मी बाराव्याला नुसता मंचावर बसलो तर?" झांजवाल्याने विचारलं.

"बसणं धरायला लागलो तर मला दारावरचा माणूसही धरावा लागेल. तो तर बारा वेळा उभा राहिलाय." व्यवस्थापकाने यादी फिरवून त्याच्यापुढे केली. "वाजली पाहिजे. एकदा वाजली तरी चालेल. मी काही दोनदा वाजवा म्हणत नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर काचा ठेवून धीराने वाट बघण्याची तिला सवय होती. तिचा भाऊ मात्र धीराचा नव्हता. त्याचा गाद्यांचा कारखाना होता. बातमी कळताच तो येऊन सोफ्यावर बसला, सोफा दाबून बघितला, नाक मुरडलं, आणि म्हणाला की दाजींनी कसलीही चिंता करू नये, वरच्या फळीवर गाद्या चढवायला त्याला माणूस हवाच होता, आणि हात वर न्यायची सवय दाजींना आहेच. झांजवाला एकदा तो कारखाना बघून आला होता. एक माणूस गादीवर गादी टाकत होता आणि काहीच ऐकू येत नव्हतं. पंचवीस फुटांवरून गादी पडली तरी काही नाही. त्या शांततेत झांजवाल्याने आपले कान शाबूत आहेत ना म्हणून दोनदा टाळी वाजवून बघितली होती.

वय सेहेचाळीस. येणारं काम एक. ते काम करायला लागणारा वेळ अर्धा सेकंद. अशा माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? त्याने ठरवलं की काट्याने काटा काढायचा. संचालक झांजवाल्याचं ऐकत नाहीत, पण दुसऱ्या संचालकांचं ऐकतात. निदान त्यांना नावं ठेवण्यापुरतं तरी ऐकतात. वाचनालयातून, जुन्या सामानाच्या दुकानातून आणि दोन ओळखीच्यांच्या पाया पडून त्याने त्या सिंफनीची तेवीस ध्वनिमुद्रणं जमवली. तेवीस संचालक. एक तक्ता आखला. रकाने तीन: वाजवतो, वाजवत नाही, कळत नाही.

नावं लक्षात राहीनात म्हणून त्याने प्रत्येकाला आपलं एक नाव दिलं. गोगलगाय संथ भागाला एकोणतीस मिनिटं घेतो. ठोका येईपर्यंत आपण कशाची वाट बघत होतो हेच विसरायला होतं. शिंपी सगळं मापात बसवतो, साडेसतरा मिनिटांत मोकळा. त्याचा ठोका म्हणजे दोरा दाताने तोडल्यासारखा. लोहार त्या जागी तर ठोकतोच, पण जिथे झांज नाही तिथेही तुतारीवाल्यांकडून ठोकून घेतो. कंपाउंडर थेंब मोजून देतो आणि झांज देत नाही. का देत नाही यावर वेष्टनात तीन पानी खुलासा जोडतो. रडका प्रत्येक वळणावर थांबतो, जणू पुढे गेलं तर घरचे रागावतील. आणि एक होता मुका. फार जुना, खरखरीत, बहुधा मेलेला. तोही वाजवत नव्हता. खुलासाही देत नव्हता.

तेराजण वाजवत होते, आठजण नाही. दोन अडचणीचे होते. एका तबकडीची पहिली बाजू नेमकी त्या जागेच्या आधी संपत होती आणि दुसरी बाजू नेमकी नंतर सुरू होत होती; ठोका असलाच तर तबकडीच्या कडेवर कुठेतरी होता. दुसरं मुद्रण भर सभागृहातलं, आणि त्या क्षणी श्रोत्यांत कोणीतरी जिवाच्या आकांताने खोकलं होतं. झांजवाल्याने तो खोकला अकरा वेळा ऐकला. मग त्याने तो 'वाजवतो' मध्ये लिहिला. मग खोडला. मग परत लिहिला. बुडत्याला काडीचा आधार, याला खोकल्याचा.

रविवारी दुपारी बायको कपड्यांना इस्त्री करत होती. त्याने तिला सांगितलं की त्याला एक त्रयस्थ कान पाहिजे. ती म्हणाली की लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्रयस्थ झाल्याचं ऐकून बरं वाटलं. पण इस्त्री बाजूला ठेवून ती बसली, आणि दुकानात गिऱ्हाईकाला विचारतात तसं झालं. एक काच, मग दुसरी काच, आता कुठलं बरं दिसतं. त्याने आधी लोहार लावला. मग मुका.

तिने दोन्ही शेवटपर्यंत ऐकले.

"पहिल्यात कोणीतरी दार आपटलं," ती म्हणाली. "दुसऱ्यात ते उघडंच राहिलं."

"म्हणजे पहिलं चांगलं."

"मला काय कळतं त्यातलं. पण दुसऱ्यात मी आत गेले."

झांजवाल्याने तिला सांगितलं की तिला खरोखरच काही कळत नाही, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्यांनी कानांच्या भानगडीत पडू नये. ती परत इस्त्रीला लागली. त्याने मुका पुन्हा लावला, पुरावा नीट तपासायला म्हणून. मग पुन्हा. व्हायोलिनं पायरीपायरीने वर चढत, तुतारीवाले खालून खांदा देत, सगळं वर, आणखी वर, आणि जिथे झांजेने फुटायचं तिथे काही फुटत नव्हतं. नुसता उजेड होत होता. सातव्यांदा ऐकल्यावर त्याने टेबलावर डोकं टेकलं. बायकोने एक शर्ट घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवला. गालाला शर्ट गरम लागला.

तेवीस संचालकांतला सगळ्यात बरा होता तो, ज्याला झांजवाल्याची गरज नव्हती. हे कोणालाही सांगण्यासारखं नव्हतं. त्याने तक्त्यात मुक्याच्या नावापुढे काहीच शेरा लिहिला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी ध्वनिमुद्रणं दोन पिशव्यांत भरून संचालकाच्या खोलीवर गेला.

संचालक त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, हडकुळा, पेन्सिली चावणारा. खोलीत एक पियानो, दोन खुर्च्या आणि पाणी न मिळालेलं कुंडीतलं झाड. तीन सकाळी ते दोघे तिथे बसले. झांजवाला एकेक संचालक लावायचा आणि बाजू मांडायचा. शिंपी बघा, किती नेमका. गोगलगाय बघा, एवढं थकवल्यावर ठोका दिला नाही तर लोक कोर्टात जातील. इतका मोठा डोंगर चढून आलेल्या माणसाला वर पोचल्याची काहीतरी खूण नको का? संचालक पेन्सिल चावत म्हणायचा की वर पोचल्यावर खाली दिसतं, तीच खूण. आणि लोहाराला मात्र तो मनापासून हसायचा. मुका झांजवाल्याने पिशवीच्या तळाशी ठेवला होता. तो त्याने काढलाच नाही. वकिलाने आपल्याच अशिलाविरुद्धचा साक्षीदार कोंडून ठेवावा तसा तो तिथे होता.

तिसऱ्या सकाळी पिशवी जवळजवळ रिकामी झाली, आणि झांजवाल्याचं अवसान गळालं.

"मला बारावा कार्यक्रम पाहिजे," तो म्हणाला, आणि मग नियम, अकरा, गोदामवाला, गाद्या, सगळं सांगून टाकलं. बोलताना त्याचे हात आपोआप वर गेले होते. त्याने ते खाली घेतले.

संचालकाने पेन्सिल तोंडातून काढली. "हे पहिल्या दिवशी सांगायचं ना. बावीस वेळा ऐकावं लागलं नसतं."

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही दया म्हणून दिला असता."

"मग काय बिघडलं असतं?"

"तसा ठोका बरा वाजत नाही."

संचालक उठून कुंडीपाशी गेला, मातीत बोट घालून बघितलं, आणि तिथूनच पाठमोरा म्हणाला, "झांज घेऊन बसा. त्या जागी उभे राहा, हात वर घ्या. मी तुमच्याकडे बघितलं तर वाजवा. नाही बघितलं तर खाली बसा."

"आत्ताच ठरवून टाका ना, साहेब. झोप लागेल तरी."

"मलाही लागेल. तीन दिवस झाले, मी आंघोळ करतो, जिना चढतो, दात घासतो, त्या जागी मला तुमची झांज ऐकू येते. तुम्ही काय करून ठेवलंय कळत नाही. आणि मला ती नकोय." एवढं बोलून त्याने झाडाला उरलेला चहा घातला.

चार तालमी झाल्या. चारही वेळा झांजवाला उठला, हात वर नेले, आणि संचालकाने व्हायोलिनवाल्यांकडे बघितलं. तो बसला. शेजारचा नगारेवाला हळूच विचारायचा, "आजही नुसताच व्यायाम?" चौथ्या तालमीनंतर झांजवाला स्वच्छतागृहात गेला, नळ सोडला आणि दहा मिनिटं तिथे उभा राहिला. बाहेर आल्यावर त्याचा चेहरा नेहमीचाच होता. तो चेहरा त्याला आता काढताच येत नव्हता.

मेव्हण्याचा निरोप आला होता, पहिल्या तारखेपासून या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. बायको सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. व्यवस्थापक दाराशी, यादी घेऊन. पहिला भाग झाला. दुसरा सुरू झाला. झांजवाल्याने मांडीवरच्या झांजांवर तळवे ठेवले. पितळ थंड होतं, मग कोमट झालं. त्याला कोणाचीही प्रार्थना करता येत नव्हती, कारण नेमकं काय मागायचं तेच त्याला माहीत नव्हतं. संचालकाने बघितलं तर पोट वाचत होतं. नाही बघितलं तर ती जागा वाचत होती. दोन्ही वाचवणारा देव त्याच्या ओळखीचा नव्हता.

व्हायोलिनं चढायला लागली. तो उठला. हात वर नेले. तुतारीवाल्यांनी खालून खांदा दिला, आणि सगळं वर, आणखी वर, आणि संचालकाने मान वळवून थेट त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही. डावा हात पुढे केला, तळवा वर, डोळे ओलसर. मागणाऱ्या माणसाचा हात होता तो. द्या, म्हणत होता. अहो, द्या.

एकवीस वर्षांत झांजवाल्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

झांजा एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या. तेरा संचालक आणि एक खोकला त्याच्या बाजूने होते, नियम बाजूने होता, समोरचा जिवंत संचालक तर हात पसरून उभा होता. विरुद्ध फक्त मुका. झांजवाल्याला वाटलं, आता मिटवावं, अर्धा सेकंद तर आहे. आणि त्याच वेळी त्याला ऐकू आलं की वर, जिथे फुटायचं तिथे, उजेड व्हायला लागलाय. सातव्या रांगेत कोणीतरी आत जात असेल. त्याने हात तसेच ठेवले. अंगातलं सगळं बळ त्याने त्या दोन पितळी थाळ्या दूर धरून ठेवण्यात घातलं. एवढं बळ वाजवायला कधीच लागलं नव्हतं. ती जागा आली, उघडली, आणि निघून गेली.

तो बसला. चेहरा नेहमीचा होता, फक्त गालांवरून पाणी वाहत होतं. घाम समजून नगारेवाल्याने त्याला रुमाल दिला.

कार्यक्रम संपल्यावर मंचामागे संचालक त्याला शोधत आला आणि त्याचे दोन्ही खांदे धरले. "तुमचंच खरं होतं," तो म्हणाला. "ठोका पाहिजेच होता. काय वाजवलात." झांजवाल्याने तोंड उघडलं, पण संचालक तोवर पुष्पगुच्छाकडे ओढला गेला होता. दाराशी व्यवस्थापकाने यादीवर खूण करून त्याला अंगठा दाखवला. बाहेर बायको उभी होती. ते दोन चौक चालले.

"वाजवली नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

तिने त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. पिशवी रिकामी होती, तरी घेतली.

सकाळी दहाला व्यवस्थापकाने बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र होतं, आणि त्यातल्या समीक्षेत एका वाक्याखाली रेघ मारलेली होती. संथ भागाच्या परमोच्च क्षणी झांजेचा ठोका अर्धा क्षण उशिरा पडल्याने रसभंग झाला, असं समीक्षकाने लिहिलं होतं.

"तुमचे बारा भरले," व्यवस्थापक म्हणाला. "मी काल रात्रीच खूण केली. पण सकाळी विश्वस्तांचा फोन आला. म्हणे, वर्षाकाठी मोजून ठोके देणारा माणूस आणि तोही उशिरा देतो. पद बंद."

झांजवाल्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. सभागृहातल्या सगळ्यांनी घरी ती सिंफनी ऐकलेली होती, कोणी लोहाराकडून, कोणी शिंप्याकडून, आणि काल जो तो आपापल्या घरचा ठोका ऐकून गेला होता.

"मी वाजवलीच नाही," तो म्हणाला.

"संचालकसाहेबांनी ऐकली."

"त्यांना आंघोळीतही ऐकू येते."

व्यवस्थापकाने यादी पुढे ओढली, खुणेकडे बघितलं आणि गोदामातल्या अनुभवाने विचार केला. "नाही वाजवली तर अकराच होतात. मग नियमाने पद बंद."

"म्हणजे वाजवली तरी बंद, नाही वाजवली तरी बंद."

"कारण तेवढं बदलतं." व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "माझं ऐका. उशीर लिहू द्या. उशीर कोणालाही होतो. शिफारसपत्र देतो, एखाद्या लहानसहान वाद्यवृंदात लागून जाल. आणि संचालकाने खूण करूनही वाजवली नाही असं लिहिलं, तर तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. एकवीस वर्षं घालवलीत, आता एका शब्दासाठी कशाला हट्ट करता?"

झांजवाल्याने वर्तमानपत्र घडी करून बाजूला सारलं. शिफारसपत्राचा कोरा कागद टेबलावर तयार होता, वर संस्थेचा शिक्का. लहानसहान वाद्यवृंद. तिथेही एखादा लोहार असेल. ठोकत बसता येईल. त्याच्या डोळ्यांपुढे तो पसरलेला हात आला, आणि त्यानंतरची ती जागा, जी सबंध सभागृहात दोघांनीच ऐकली होती आणि तिसऱ्या कोणाला आता कधीच ऐकवता येणार नव्हती. निदान तिच्या नावावर उशिरा पडलेला ठोका तरी राहू नये.

"वाजवली नाही, असं लिहा," तो म्हणाला.

"विचार करा."

"केलाय. हात वर होते, खूण दिसली, आणि वाजवली नाही. उशीर नाही. उशीर झाला असं कुठेही येता कामा नये."

व्यवस्थापकाने शिफारसपत्राचा कागद खणात परत ठेवला, दुसरा घेतला, आणि सावकाश, एकेक अक्षर बोलत, तसं लिहिलं. झांजवाल्याने ते दोनदा वाचून सही केली. मग संस्थेच्या झांजा त्यांच्या कापडी पिशवीत घातल्या, मध्ये फडकं सारलं, म्हणजे उचलताना वाजू नयेत, आणि टेबलावर ठेवल्या.

"पुढच्या नोकरीत हे कारण बरं दिसणार नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"पुढची नोकरी गाद्यांची आहे," झांजवाला म्हणाला. "तिथे चालेल."